तालमीत हात खिशातून बाहेर येतात

तू विचारलंयस, की कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्येच तुला मोकळं का वाटतं आणि नाटकवाल्यांत गे माणसं एवढी का दिसतात. मी मराठवाड्यात तीस वर्षं हौशी नाटक केलंय आणि मी स्वतः गे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'गे माणसं जात्याच कलाकार असतात' असं तुला पुष्कळ जण सांगतील. मला ते पटत नाही. आपल्यातले कितीतरी जण बँकेत आहेत, शेती करतात, एसटी चालवतात. तिथे ते कुणाला कळू देत नाहीत, इतकंच.

माझंच सांगतो. बोलताना माझे हात फार हलायचे. वडील म्हणायचे, 'हात खाली घे, बायकांसारखं काय लावलंयस?' शाळेत 'बायल्या' हेच नाव पडलं होतं. बारावीपर्यंत मी हात खिशात घालून बोलायला शिकलो. मग कॉलेजात युवक महोत्सवाच्या एकांकिकेत घेतलं. जिमखान्याचा हॉल, एक ट्यूबलाइट, खाली सतरंजी. चौथ्या दिवशी सरांनी तालीम थांबवली. म्हणाले, 'खिशातून हात काढ आणि तेच वाक्य म्हण.' म्हटलं. 'उजवा हात उठतोय ना, तो वाक्याच्या जरा आधी उठू दे.' एवढं बोलून ते पुढच्या प्रवेशाकडे वळले. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. ज्या हातासाठी मार खाल्ला, तो कुणाच्या तरी कामाचा होता. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. बाहेर तुझी चाल, आवाज, मान वळवणं यावर लोक नजर ठेवतात ते तुला दुरुस्त करायला. तालमीतही नजर असतेच, पण तिला ते सगळं वापरायचं असतं.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. आपल्या गावात दोन पोरं रात्री बारापर्यंत एकत्र बसली तर दहा प्रश्न येतात. 'तालीम आहे' म्हटलं की एकही येत नाही. राज्य नाट्य स्पर्धेला निघालं की पंधरा जणांचं बिऱ्हाड एका खोलीत, एकाच डब्यातलं जेवण. तिथे लग्न कधी करतोस यापेक्षा एन्ट्री वेळेवर घेतोस का, हे महत्त्वाचं असतं.

आणि पुरुषाने बाईचं सोंग घ्यायची सवय आपल्याकडे जुनी आहे. लहानपणी आमच्या गावात सप्ताहाला सोंगी भारूड व्हायचं. भवानीआईला रोडगा कबूल करणारी एकनाथांची सासुरवाशीण आमचे एक शेजारी करायचे. दिवसा औत धरणारा माणूस. देवळामागे कंदिलाच्या उजेडात ते लुगडं नेसायचे, मिशी काढायचे नाहीत, नुसता पदर तोंडावर ओढायचे. सकाळी तेच रानात दिसायचे आणि कुणी त्यांना वावगं बोलायचं नाही. शहरातल्या रंगभूमीवरही तेच. १९११ साली 'मानापमान'मधली भामिनी बालगंधर्वांनी केली, आणि त्यांचं नेसणं-सावरणं घरंदाज बायका उचलत होत्या. स्त्री पार्ट करणारे सगळे गे होते असा अर्थ काढू नकोस, तसं नव्हतं. पण पुरुषातला नाजूकपणा जिथे टाळ्या घेतो, अशी एक जागा त्यामुळे उरली.

दूरचं एक उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९५३ साली इंग्लंडमध्ये जॉन गिलगुड या मोठ्या नटाला समलैंगिकतेच्या कायद्याखाली पकडलं, दंड झाला, पेपरात छापून आलं. पुढचा प्रयोग लिव्हरपूलला होता. विंगेतून बाहेर पडायला त्याचे पाय उचलेनात. सहनटी सिबिल थॉर्नडाइक त्याला हात धरून घेऊन गेली आणि प्रेक्षक उभे राहिले. कायदा तिथे १९६७ पर्यंत तसाच होता.

आता कडू भाग. नाटक आपल्याला आत घेतं, पण पुष्कळदा हसायला घेतं. एका दिग्दर्शकाने मला सलग तीन वर्षं नाच्याच दिला. तिसऱ्या वर्षी मी नाही म्हणालो, तर ग्रुपमधून काढलं. गणपत पाटलांचं बघ. संसारी माणूस, पण पडद्यावरच्या नाच्यावरून लोकांनी त्यांना आयुष्यभर छळलं. तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट'मध्ये मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा १९८१ साली रंगमंचावर आणली, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपली सुटका झाली त्याच्या सदतीस वर्षं आधी. एवढं धाडस, आणि तरी ती सुमित्रा शेवटी जगत नाही. तालमीत ती संहिता वाचली तेव्हा मी ते शेवटचं पान मिटून ठेवलं होतं.

म्हणून तू जात राहा, पण डोळे उघडे ठेवून. भूमिका हसं करणारी वाटली तर पहिल्या वाचनालाच बोल, नंतर जड जातं. ग्रुपला सांगितलं म्हणजे घरीही सांगायलाच हवं, असं नाही. आधी शिक्षण होऊ दे, स्वतःचं भाडं स्वतः भरता येऊ दे. आणि नटच व्हायला हवं असंही काही नाही. मी गेली बारा वर्षं लाइट्स करतो. विंगेत उभा असतो, आणि नवीन पोरगं हात खिशात घालून आलं की लगेच कळतं.