वाचकांचे प्रश्न : एआय आलं, मग वाचलेले पैसे कोणाच्या खिशात?

या महिन्यात पत्रं काय आणि मेल काय, सगळीकडे एआयच एआय. त्यातले चार प्रश्न घेतलेत. एका वाचकाने "उत्तर चॅटजीपीटीकडून लिहून घेऊ नका" अशी तंबी दिलीये, ती मान्य.

प्रश्न : मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते. आता एजन्सी मशीनने केलेला मजकूर पाठवते, फक्त तपासून द्या म्हणते आणि रेट देते आधीच्या एक तृतीयांश. नाही म्हटलं तर काम दुसरीकडे जातं. काय करू? – एक भाषांतरकार, ठाणे

ताई, तपासायचं म्हणजे मूळ वाचायचं, मशीनचं वाचायचं, दोन्ही जुळतंय का बघायचं आणि मग अर्धी वाक्यं मोडून परत लिहायची, यात कधीकधी कोऱ्या पानावर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो हे एजन्सीलाही माहीत असतं. त्यात आता मशीनचं मराठी गुळगुळीत झालंय आणि तीच गोम आहे, पूर्वी चूक लगेच डोळ्यात भरायची, आता वाक्यातला नकार गळाला तरी वाचताना काही खटकत नाही.

हे सगळं चॅटजीपीटीपासून सुरू झालं असंही नाही हं. केलेली भाषांतरं साठवून ठेवणारी ट्रॅडॉससारखी सॉफ्टवेअर आली तेव्हापासूनच जुन्या फायलीशी मॅच झालेल्या वाक्याला कमी रेट लावायची पद्धत पडलीये. एआयने फक्त ती सवलत अख्ख्या फायलीला लागू केली.

२०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते, त्यांच्या मागण्यांमध्ये तुमचाच मुद्दा होता. स्टुडिओ उद्या एआयकडून कच्चा ड्राफ्ट काढेल, लेखकाला म्हणेल यावर जरा हात फिरवा, आणि नव्या लेखनाऐवजी रीराइटचे कमी पैसे देईल, ही धास्ती. शेवटी करारात आलं की एआयचा मजकूर मूळ साहित्य म्हणून धरायचा नाही, आणि लेखकाला दिलेल्या कागदांत एआयचं काही असेल तर कंपनीने तसं सांगायचं. त्यांना हे जमलं कारण त्यांची गिल्ड, म्हणजे लेखकांची संघटना आहे. आपल्याकडे भाषांतरकार एकमेकांना रेटसुद्धा सांगत नाहीत, वय विचारल्यासारखं तोंड करतात.

तेव्हा शब्दावर नको, तासावर रेट मागा. हो म्हणण्याआधी दोन पानं नमुना म्हणून मागवा आणि घड्याळ लावून करून बघा. पेशंटचं संमतीपत्र, औषधाची माहिती, कोर्टाचे कागद अशा कामांत तुमच्या सहीचं प्रमाणपत्र मागत असतील तर पूर्ण रेटच घ्या, कारण चूक निघाली तर नोटीस मशीनला येणार नाहीये. आणि ओळखीच्या पाच-सहा जणी मिळून किमान रेट ठरवा. लगेच फरक पडेल असं मी म्हणत नाही, पण एकेकटीने भांडून तर काहीच होत नाही.

प्रश्न : ऐंशीच्या दशकात आम्ही बँकेत कॉम्प्युटरविरुद्ध मोर्चे काढले. पुढे कॉम्प्युटर आले, आमच्या शाखेत एकाचीही नोकरी गेली नाही. मग आता एवढा आरडाओरडा कशाला? – निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

काका, नोकऱ्या टिकल्या त्या कॉम्प्युटर दयाळू होता म्हणून नाही, तुम्ही मोर्चे काढले म्हणून. युनियनने बँकांना टेबलावर बसवलं, मशीन कुठे आणि किती बसवायची यावर १९८३ मध्ये करार झाला, बँकांत कॉम्प्युटर कसे आणायचे यावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला तो त्यानंतर, १९८४ मध्ये. म्हणजे आधी बोलणी आणि मग मशीन. आज कुठल्या ऑफिसात असं होतंय? सोमवारी मेल येतो की नवीन टूल घेतलंय, सगळ्यांनी वापरायचंय, संपलं.

आणि नोकरी गेली नाही हेही अर्धंच खरं आहे, रागावू नका. नव्वदच्या दशकात सरकारी बँकांची क्लार्क भरती जवळजवळ थांबली होती, मग २०००-०१ मध्ये व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली आणि लाखाच्या आसपास लोक एका झटक्यात बाहेर पडले. शेजारच्या टेबलावरचे साहेब रिटायर झाले आणि त्या खुर्चीत कोणी आलंच नाही, असं तुमच्याही शाखेत झालं असणार. आता जो पोरगा आलाच नाही तो मोर्चा कुठून काढणार, त्याला तर आपली नोकरी गेली हेही कळलं नाही, तो आपला स्पर्धा परीक्षा देत बसला!

तुमच्या बाजूनेही एक सांगतो. अमेरिकेत एटीएम आल्यावर एकेका शाखेतले कॅशियर कमी झाले, पण शाखा चालवणं स्वस्त पडलं म्हणून बँकांनी शाखाच वाढवल्या आणि एकूण कॅशियरांची संख्या कित्येक वर्षं घटली नाही. तेव्हा मशीन आलं की नोकरी गेलीच, असा काही नियम नाही.

पण यावेळी आकडे दिसतायत ते तुमच्या त्या रिकाम्या खुर्चीसारखेच आहेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगाराच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या कामांत एआय सगळ्यात जास्त घुसू शकतं तिथे २२ ते २५ वयाच्या पोरांचा रोजगार इतरांच्या तुलनेत १३ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच कामातल्या जुन्या लोकांना फारसा धक्का नाही. म्हणून घरात वडील म्हणतात कुठे काय झालंय, आणि मुलगा वर्षभर अर्ज करतोय.

प्रश्न : मुलगी बारावी झाली, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणते. नातेवाईक म्हणतात एआय सगळं खाणार, नको. – एक आई, नाशिक

भविष्य सांगणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. जेफ्री हिंटन म्हणजे या क्षेत्रातला मोठा माणूस, पुढे २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आताच थांबवा, पाच वर्षांत मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. रेडिओलॉजिस्ट अजून आहेत आणि कमीच पडतायत. हिंटन चुकू शकतात तर तुमचे नातेवाईक पण चुकू शकतात.

मुलीला आवड असेल तर घेऊ द्या. फक्त आयटी कंपन्यांनी हजारो पोरं एकदम उचलायची, ट्रेनिंग द्यायचं आणि साधं काम हातात ठेवायचं, त्या कॅम्पस प्लेसमेंटच्या भरवशावर नको. तिथलं साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज दहा-बारा वर्षं हललेलं नाही, आणि त्याचं पाप एआयवर टाकता येणार नाही, ते आधीपासूनचं आहे. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, तिसऱ्या वर्षापासून खरी इंटर्नशिप मिळते का ते तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा.

प्रश्न : हिंजवडीत सपोर्टला आहे. एचआर म्हणते एआयमुळे तुमचा रोल राहिला नाही, स्वतःहून राजीनामा द्या, एक्सपिरियन्स लेटर चांगलं देऊ. देऊ का?

त्या मीटिंगमध्ये तर मुळीच सही करू नका. दोन दिवस मागून घ्या. कारण कंपनीने काढलं तर ती नोकरकपात होते आणि राजीनामा दिला तर तुम्ही स्वतःहून गेलात असं होतं, पैशांचा सगळा खेळ तिथे आहे. तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' म्हणून बसत असाल आणि सलग वर्षभर नोकरी झाली असेल, तर कपातीत महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा पगार असा हिशेब असतो. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत रीस्किलिंगसाठी, म्हणजे नवं काम शिकायला, आणखी १५ दिवसांचा पगार आहे, तो थेट कामगाराच्या खात्यात जातो. मॅनेजर या व्याख्येत येत नाहीत. कंपन्या 'लीड', 'असोसिएट मॅनेजर' अशी पदं वाटतात, पण व्हिजिटिंग कार्डावर काय लिहिलंय यापेक्षा तुम्ही रोज काय काम करता हे बघितलं जातं, म्हणून कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटाच. ऑफर लेटर आणि पगाराच्या स्लिपा आजच डाउनलोड करून ठेवा, लॉगिन बंद झालं की त्यासाठी हेलपाटे घालावे लागतात.