अमेरिकेला शिवणाची हौस घेऊन निघालीयस ना, मग हे वाच

अगं, पहिलं म्हणजे आपलं मोटरचं मशीन इंदूरहून नेऊच नकोस, इथे 230 व्होल्ट आणि तिकडे 120, ते नीट चालणारच नाही. तिकडच्या बऱ्याच पब्लिक लायब्ररीत मशीन वापरायला मिळतं, आधी तिथे हात बसव मग विकत घे.

कापड मात्र इथून ने, सीतलामाता बाजारात एक दुपार काढ, आणि आणलेलं सुती कापड शिवण्याआधी धुवायचंच, कारण तिकडे सगळं ड्रायरमध्ये वाळवतात. मी न्यू जर्सीतल्या एडिसनला असताना लेकीचा पहिला फ्रॉक न धुतलेल्या कापडाचा शिवला, एका धुण्यात इतका आटला की बटणं लागेनात, फार रडू आलं होतं गं. तिकडे कापड यार्डात मिळतं, यार्ड म्हणजे 36 इंच, मीटरपेक्षा तीन-साडेतीन इंच कमी, तेव्हा जरा जास्तच घे. पातळ सुतीला 11 नंबरची सुई, जीन्सला 16.

आणि आईची एक जुनी महेश्वरी साडी बॅगेत टाकच. मी अशाच साडीची गोधडी हाताने शिवली, थंडीत खिडकीशी बसून रोज दोन-दोन ओळी धावदोरा, आणि जीव रमायला लागला. एडिसनजवळ राहिलीस तर रविवारी तिथल्या ओक ट्री रोडला, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्याला, चक्कर मार, चहा मिळतो, आपली माणसं भेटतात.