वाचकांचे प्रश्न : बोट नेमके नाकावर कसे पोहोचते?

प्रश्न : डोळे मिटले तरी बोट अचूक नाकाच्या शेंड्यावर कसे टेकते? तोल सांभाळणारा अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, यात काय करतो?

उत्तर : हालचालीचा आदेश मोठ्या मेंदूकडून निघतो, त्याची एक प्रत मात्र डोक्याच्या मागच्या बाजूस, खाली असलेल्या अनुमस्तिष्काकडेही जाते. स्नायू, सांधे आणि अंतर्कर्ण यांच्याकडून येणाऱ्या वार्तेशी तो हा आदेश ताडून पाहतो आणि हात नाकाजवळ येताच कोणत्या स्नायूने कधी आवरते घ्यायचे, हे क्षणार्धात सुधारतो. आकाराने मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असूनही मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी त्यातच असतात. त्याला इजा झाल्यास हातपाय लुळे पडत नाहीत, परंतु बोट नाकाच्या पुढे जाते किंवा अलीकडेच थांबते, लक्ष्याजवळ येताना थरथरते आणि चाल झोकांड्या खाणारी होते. मद्यपीची चाल अशीच दिसते, कारण मद्याचा परिणाम अनुमस्तिष्कावरही होतो. गंमत अशी, की मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, पण अनुमस्तिष्काचा उजवा भाग उजवीच बाजू सांभाळतो.