वडिलांचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. नसेला इजा व्हायची भीती किती? दुर्बिणीने करावं का?

भीती खरी आहे. "साधं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी" हे वाक्य ऐकलं की अजून डोकं फिरतं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलंय, १० ते १२ टक्के लोकांना पुढे बराच काळ त्रासदायक दुखणं राहतं.

माझं उजव्या बाजूचं, उघड्या पद्धतीने, जाळी बसवून झालं. जखम छान भरली, पण खाली बसलो की जांघेतून अंडकोषापर्यंत करंट जायचा. पँटचा पट्टा टेकला तरी चटका. सर्जन म्हणाले, वेळ द्या. दादा म्हणायचे, "तू मनावर घेतोस, आमच्या ऑफिसातले आठवड्यात कामाला लागले." वर्षभर हेच. शेवटी पेन क्लिनिकला गेलो. तिथल्या मॅडमनी कापूस फिरवत कुठे बधिर, कुठे झोंबतंय ते विचारलं आणि बॉलपेनने कातडीवर रेघा ओढल्या. कमरेच्या हाडाच्या टोकाच्या जरा आत बोट दाबलं, मी ओरडलोच. सोनोग्राफीवर बघत तिथे लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, सुई दिली. थोड्या वेळाने उकिडवा बसलो, उठलो, परत बसलो, करंट नाही. दादा समोरच होते. जांघेतली इलिओइंग्वायनल नावाची नस जाळीजवळच्या व्रणात अडकली होती.

जांघेतून अशा तीन नसा जातात. उघड्या ऑपरेशनात त्या तिन्ही ओळखून जपायला हव्यात, टाक्यात किंवा जाळीखाली येता कामा नयेत. सर्जनला हे तोंडावर विचारा. चिडला तर दुसरा बघा. दुर्बिणीने केलं तर दुखणं राहायचं प्रमाण कमी, पण हात बसलेला सर्जन हवा. जाळीला चुकीच्या जागी टॅकर (जाळी टाचायची पिन) मारला तर मांडीच्या बाहेरच्या बाजूची नस सापडते.

थोडं बधिरपण बऱ्याच जणांना येतं, त्याला घाबरू नका. आणि माझं वाचून ऑपरेशन टाळू नका. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला तर जिवावर बेततं.

तीन महिन्यांनंतरही वडील दुखतंय म्हणाले, तर घरात कुणालाही "मनाचे खेळ" म्हणू देऊ नका. दादा, हे तुम्हीही वाचा. सुई नसेपाशी दिली होती, मनाला नाही.