छताची भेग आणि पुन्हा बारा वर्षांचा हप्ता

प्रश्न : आम्ही चार वर्षांपूर्वी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली गाडी) घेतले. त्याच्या फायबरग्लासच्या छतावर बारीक रेघांचे जाळे पसरले आहे, शिवाय एसीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून वीतभर भेग गेली आहे. ती मी सिलिकोनने बुजवली, तरी आतल्या बाजूला डाग दिसू लागला आहे. कारागीर भेग दुरुस्त करण्याचे २ मागतो (गाडीची खरेदी किंमत १०० धरून). विक्रेता संपूर्ण छताला नवा लेप आणि ७ वर्षांचा ‘छत संरक्षण करार’ मिळून ९ सांगतो. ही रक्कम उरलेल्या कर्जात मिळवून तो पुन्हा १२ वर्षांची मुदत देणार आहे आणि त्यामुळे आमचा हप्ता उलट कमी होईल. छत नवे झाले की गाडी ८० ला विकली जाईल, असा आमचा अंदाज आहे. बँकेत ६ शिल्लक आहेत. कोणता पर्याय घ्यावा?

(पत्रलेखकाची ओळख उघड होऊ नये आणि हिशेबही सोपा व्हावा, म्हणून गाडीची खरेदी किंमत १०० धरून सर्व रकमा त्या प्रमाणात दिल्या आहेत.)

उत्तर : भेग कारागिराकडून दुरुस्त करून घ्या आणि विक्रेत्याच्या कागदावर सही करू नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. मला खरी काळजी वाटते ती तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका वाक्याची : ‘हप्ता उलट कमी होईल.’

तुम्ही २० रोख भरून ८० चे कर्ज १० टक्क्यांनी १२ वर्षांसाठी घेतले, म्हणजे महिन्याचा हप्ता सुमारे ०.९६ झाला. चार वर्षांत तुम्ही ४६ भरले. त्यातून मुद्दल फक्त १७ ने कमी झाले, बाकीचे २९ व्याजात गेले, आणि आज तुमच्या डोक्यावर ६३ चे कर्ज आहे. आता त्यात ९ मिळवून ७२ चे कर्ज नव्याने १२ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ०.८६ वर येतो आणि महिन्याला ०.१० वाचल्यासारखे वाटते. मात्र जुन्या कर्जावर यापुढे भरायचे एकूण ९२ आहेत, तर नव्या कर्जावर ते १२४ होतात. ९ च्या कामासाठी तुम्ही ३२ मोजणार आहात, आणि ज्या कराराच्या भरवशावर हे करायचे, तो संपल्यानंतरही ५ वर्षे हप्ते चालू राहणार आहेत. असा व्यवहार ‘हप्ता कमी होतो’ एवढेच सांगून गळ्यात मारणे याला मी सल्ला मानत नाही.

करार मी वाचला. आधीपासून असलेल्या भेगा, पाणी शिरून झालेले नुकसान आणि सांध्यांचे सीलंट या तिन्ही गोष्टी त्यातून वगळलेल्या आहेत. छताच्या बाबतीत ज्यांची भीती बाळगायची, त्या नेमक्या याच तीन गोष्टी आहेत.

लेपाबद्दलही स्पष्ट लिहितो, कारण इथे दोन वेगळी दुखणी एक समजली जात आहेत. वरचे रेघांचे जाळे बहुधा जेलकोटचे आहे. जेलकोट हा पातळ, रंगीत आणि ठिसूळ थर असतो. खालचे फायबरग्लास थोडे लवचिक असल्यामुळे ते वाकले की वरचा थर तडकतो. अशा रेघांमुळे छत लगेच गळत नाही. चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग मात्र वेगळी आहे. कापलेल्या भागाच्या टोकदार कोपऱ्यावर ताण एकवटतो, त्यावर एसीचे वजन असते आणि प्रवासातले हादरे असतात, त्यामुळे ती आरपार जाते. वरून लावलेला लेप पाणी काही काळ अडवेल, पण तो छताला बळ देणार नाही, आणि खाली ओल असेल तर ती आतच कोंडून प्लायवूड कुजवील. म्हणून तुमच्या छतावर सर्वांत महाग ठरू शकणारी गोष्ट भेग नसून आतला डाग आहे. ओलावामापक लावून डागाभोवती ओल किती दूर पसरली आहे हे आधी पाहा. ती पसरलेली असेल, तर २ चा अंदाज अपुरा ठरेल आणि कारागिराकडून नवा अंदाज घ्यावा लागेल.

दुरुस्ती कशी होणार, हे कारागिराला विचारा. तुमचे सिलिकोन पूर्णपणे काढणे, छत कोरडे करणे, भेगेच्या टोकाला लहान छिद्र पाडून ती पुढे सरकणे थांबवणे, कडा जाडीच्या सुमारे १२ पट रुंदीपर्यंत उतरत्या घासणे आणि इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) भिजवलेल्या विणलेल्या काचकापडाचे थर चढवणे, असा क्रम त्याने सांगितला तर त्याला काम कळते. इपॉक्सी उन्हात टिकत नाही, म्हणून शेवटी रंग हवाच. ‘पुन्हा सिलिकोन भरतो’ असे म्हणणाऱ्याला परत पाठवा, कारण सिलिकोनचा अंश राहिलेल्या जागी रेझिन धरत नाही.

आता ८० च्या अपेक्षेकडे येतो. त्याच विक्रेत्याने छत कोरडे आणि दुरुस्त असल्यास ५५ देण्याचे लेखी कळवल्याचे तुम्ही पत्रासोबत जोडले आहे. ज्याच्या हाती गाडी घेण्याचे पैसे आहेत, त्याचा आकडा ५५ आहे. ८० हा आकडा फक्त तुमच्या मनात आहे. नव्या लेपाने किंमत २५ ने वाढत असती, तर विक्रेत्याने ५५ ला गाडी घेऊन तो लेप स्वतःच लावला असता.

गेल्या वर्षी तुम्ही गाडीत २२ रात्री राहिलात. किंमत दरवर्षी सरासरी ११ ने उतरली, व्याज ७ गेले आणि विमा, पार्किंग व देखभाल मिळून ३, असा वर्षाचा खर्च सुमारे २१ येतो, म्हणजे एका रात्रीला जवळजवळ १. तुम्हा दोघांना प्रवासाची मनापासून आवड आहे, हे पत्रात जाणवते, आणि म्हणूनच हे लिहिताना मला वाईट वाटते, पण या दराने तुम्ही वाटेल तेव्हा भाड्याची गाडी घेऊन फिरू शकता.

माझे मत असे की, दुरुस्ती करून गाडी ५५ ला विकावी. कर्ज फेडायला ८ कमी पडतील. ते बँकेतून काढू नका, कारण दुरुस्तीनंतर तिथे उरणारे ४ हीच तुमची अडीअडचणीची गंगाजळी आहे. १४ टक्क्यांनी २ वर्षांचे वैयक्तिक कर्ज मिळाले, तर हप्ता ०.३८ येईल, आजच्या हप्त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि व्याज एकूण १.२ जाईल. हे कर्ज मंजूर झाल्याशिवाय गाडीचा सौदा पक्का करू नका. विक्रेत्याशी बोलण्याआधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून मुदतपूर्व फेडीचा लेखी आकडा मागवा. त्यात दंड धरलेला असेल, तर ८ ची रक्कम तेवढ्याने वाढेल, आणि वैयक्तिक कर्जाचा अर्ज त्या वाढलेल्या रकमेसाठीच करावा लागेल.