तुमच्या घराचे दत्ताजीराव कोण?

प्रिय पोरीस, अनेक आशीर्वाद.

तू आपल्या घराविषयी लिहिलेली वही वाचून झाली. पण सोबतच्या चिठ्ठीतला प्रश्न वहीपेक्षा जड आहे, म्हणून आधी त्याच्याकडे येते. तू विचारलंस, 'बाई, हलाखीतनं वर आलेल्यांचीच पुस्तकं आपल्या हातात येतात. तरले त्यांनी लिहिलं. बुडाले त्यांचं कोण छापणार? मग ही पुस्तकं वाचून मला धीर कसा यावा?'

प्रश्न खरा आहे आणि मी तो 'असं निराश होऊ नये गं' म्हणून झटकणार नाही. आपल्याकडं सत्काराच्या कार्यक्रमात शाल-फेटा घेऊन 'परिस्थितीवर मात' सांगणारे पुष्कळ. ज्यांच्यावर परिस्थितीनं मात केली त्यांना माइक मिळत नाही. एवढं तुझ्या वयात तुला दिसलं, बरं झालं. म्हणूनच सांगते, ही पुस्तकं शेवटासाठी वाचू नकोस. शेवट ज्याचा त्याचा असतो आणि त्यात नशिबाचा वाटा मोठा असतो. तुझ्या उपयोगाचं ते मधे असतं. पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नाही आणि तरी घरातलं कुणीतरी काहीतरी करत असतं, तिथं.

आनंद यादवांची 'झोंबी' ही आत्मकथनात्मक कादंबरी घे. त्यातलं कागल आपल्या कोल्हापुरापासून एस. टी.नं अर्ध्या-पाऊण तासावर, पण ते पुस्तक वाचताना आपली पोरं ते लांबच्या गावाचं समजून वाचतात. 1987 साली आलं, 1990 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे तुला परीक्षेपुरतं पाठ असेल. ते बाजूला ठेव आणि एवढाच प्रसंग पुन्हा काढून वाच: पोराला शाळेत जायचंय, बाप शेतातनं सोडत नाही. आई शेणी लावत बसलीय, पोरगं हाताशी आहे आणि दोघांचं हळू आवाजात बोलणं चाललंय. नवऱ्यापुढं आपलं चालणार नाही हे आईला पक्कं ठाऊक. मग दोघं मिळून काय करतात? रात्री गावातल्या दत्ताजीराव देसायांच्या घरी जातात. सगळं सांगतात. वर बजावतात, आम्ही येऊन गेलो हे त्यांना कळू देऊ नका. दत्ताजीराव म्हणतात, त्याला माझ्याकडं लावून दे, आणि थोड्या वेळानं पोरा, तू पण ये, बोलवायच्या निमित्तानं. बाप तिकडं जातो तो खुशीत, कारण एवढ्या मोठ्या माणसाचं बोलावणं म्हणजे मानच. आणि तिथं त्याची हजेरी घेतली जाते.

हा सरळसरळ कट आहे. आईनं रचलेला, पोरानं सुचवलेला, तिसऱ्या माणसानं तडीस नेलेला. तुझ्या वहीत 'आशेचा किरण' असं तीन ठिकाणी आलंय. 'झोंबी'तल्या आईला असला कुठला किरण दिसलेला नाही. तिला नवऱ्याचा स्वभाव, गावातल्या वजनदार माणसाचा दरारा आणि रात्रीची बरी वेळ एवढंच माहीत आहे, आणि तेवढ्यावर ती उठून चालू लागते.

पुढचं तर अजून बारकाईनं वाच. बाप हो म्हणतो, पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत शेतात काम, तिथनंच शाळा, शाळा सुटली की परत शेतात, तासभर गुरं चारायची, काम जास्त असलं तर शाळेला दांडी. म्हणजे विजय झाला तो एवढाच. कुठल्याही सिनेमात इथं सनई वाजली असती. यादव वेळापत्रक देतात. मला ते पुस्तक आवडायचं हे मोठं कारण आहे.

आणि मग सौंदलगेकर मास्तर येतात. कविता गाऊन शिकवणारे, स्वतः कविता करणारे. पोरगं गुरं राखताना कविता म्हणू लागतं, कागद नसला की काटकीनं म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितं. आधी शेतात एकटं असणं त्याला खायला उठायचं. आता त्याला एकटंच असावंसं वाटतं, कारण मोठ्यानं गाता येतं, नाचता येतं. काम तेच, म्हशी त्याच, बाप तोच. फक्त रिकामे तास त्याच्या कामाला येऊ लागले. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं असलेलं हे अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं बेबीताई कांबळ्यांकडं आहे. त्या फलटणच्या. किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या आणि दुकानात बसल्या बसल्या आपलं आयुष्य लिहायच्या. घरात कुणाला कळू नये म्हणून वह्या अशा अडगळीत ठेवायच्या की कुणाचा हात जाणार नाही. असं वीसेक वर्षं चाललं. पुढं 'जिणं आमुचं' म्हणून ते छापून आलं आणि आज ते देशभर शिकवतात. पण ही वीस वर्षं घे. त्या काळात ही बाई तरलेली नव्हती की बुडालेली नव्हती. तेव्हा कुणी विचारलं असतं, याचं काय होणार, तर काय सांगितलं असतं तिनं? काही नाही. गिऱ्हाईक आलं की वही खाली, गिऱ्हाईक गेलं की वही वर. जे तरले त्यांनीच लिहिलं, असं तू म्हणतेस. इथं लिहिणं आधी झालेलं आहे.

(बुडालेल्यांविषयी तू म्हणतेस ते तरीही खरंच राहतं. त्यांची पुस्तकं नाहीत. फार तर दुसऱ्यांच्या पुस्तकांत ते एखाद्या ओळीपुरते येतात, शेजारची म्हातारी, मधेच शाळा सोडलेला मित्र. त्या ओळींवर थांबत जा.)

आता तुझी वही. राग मानू नकोस, मी पेन्सिलनंच खुणा केल्यात.

सुरुवातीची दोन पानं काढून टाक. रंकाळ्यावरची संध्याकाळ, ढगाआडचा सूर्य, 'आयुष्य कधी कसं वळण घेईल' वगैरे. कोल्हापुरात लिहायला बसलेला प्रत्येक जण आधी रंकाळ्यावर जाऊन येतो, तूही आलीस, झालं. 'एक दिवस सगळं बदलेल' हे वाक्यही खोड. आमची पिढी कादंबरीकार वि. स. खांडेकरांच्या ओळी वहीत उतरवून घेत वाढली. ते 1938 पासून इथं कोल्हापुरात राहिले, 'ययाति'ला 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे, तिथं जाऊन ये. मोठा माणूस. पण त्यांची सुभाषितं खांडेकरांच्या हातात शोभतात. आपण तसं लिहायला गेलो की कॅलेंडरच्या मागच्या पानासारखं दिसतं.

तुझं खरं लिखाण पाचव्या पानावर सुरू होतं आणि तुला ते कळलेलंच नाही, कारण ते तू दोन ओळींत उरकलंस. उद्यमनगरातली तुमची कारखान्याची शेड बंद झाली, लेथ (धातू कातायचं मशीन) बँकेला तारण, आणि तरी पप्पा दर रविवारी सकाळी जुनं बनियन आणि ऑइलचा डबा घेऊन जातात आणि मशीनला हात फिरवून येतात. मशीनच्या बेडवर, म्हणजे खालच्या लोखंडी बैठकीवर, गंज धरू नये म्हणून. मशीन उद्या आपलं राहील की नाही याचा पत्ता नाही. बाई गं, ह्या ओळीपाशी मी पेन्सिल खाली ठेवली. इथं थांब. त्यांच्याबरोबर एका रविवारी जा. ते आधी काय पुसतात, चक फिरवून बघतात का, कुठलं ऑइल, लाईट तोडलीय तर शटर किती वर करतात, शेजारच्या शेडवाला काय म्हणतो, सगळं बघ. विचारू मात्र नकोस, 'पप्पा, तुम्ही हे का करता?' त्यांनी उत्तर दिलं तर ते खोटं असेल आणि नाही दिलं तर तुला वाईट वाटेल.

आईचंही तसंच. फॉल-पिकोच्या साड्या रात्री अकरापर्यंत, एवढं तू लिहिलंस. पण तीच ओळ पुढं जाते: सुईत दोरा ओवायला ती तुला हाक मारते आणि 'डोळं गेलं माझं' म्हणून हसते. ते हसणं तू 'केविलवाणं' म्हणालीस. का? तू तिथं होतीस, तुला ते तसं दिसलं असेल, तर माझं काही म्हणणं नाही. पण गरिबाच्या घरातलं हसणं केविलवाणंच असलं पाहिजे असा आपल्या लिहिणाऱ्यांचा एक समज आहे, त्यातनं ते आलं असेल तर काढ. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाच. नवरा तऱ्हेवाईक, हातात पैसा टिकत नाही, 1895 साली त्यानं धर्म बदलला आणि कित्येक वर्षं संसाराची ताटातूट झाली. आणि बाई काय लिहिते! स्वतःची फजिती, नवऱ्याचे हट्ट, बापाचं सोवळ्याचं वेड, सगळं असं सांगते की आपण हसत सुटतो आणि हसता हसता कळतं की हिनं काय काय सोसलंय. दुःख कमी करून सांगितलेलं नाही. तिनं त्याला घराचा ताबा दिलेला नाही, एवढंच.

'पप्पांना वाचून लाज वाटेल का?' हे तू चिठ्ठीच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंस. वाटेल कदाचित. पण लाज कर्जाच्या आकड्यानं कमी आणि खोट्या चित्रानं जास्त वाटते. 'झोंबी'तला बाप बघ, किती कडक, किती स्वार्थी म्हणावा असा. तरी घाईनं गुऱ्हाळ का लावतो, लवकरच्या गुळाला भाव जास्त मिळतो हा त्याचा हिशेब काय, ते लेखकानं सांगून ठेवलंय. पटो न पटो, त्याचा हिशेब त्याच्या बाजूनं मांडला आहे. तुझ्या वहीत पप्पांनी दुसरं मशीन कर्जानं का घेतलं ते कुठंच नाही. ऑर्डर आली होती ना तेव्हा? मग ती ऑर्डर लिही. कुणाची, किती नगांची, त्या दिवशी घरात काय गोड केलं होतं. एवढं झालं की ते लाजतील, पण वही फाडणार नाहीत.

आता जरा लिखाणाबाहेरचं. तू ओघात लिहिलंस की बँकेची नोटीस आलीय आणि ती फ्रिजवर पडून आहे, कुणी उघडून नीट वाचत नाही. सगळ्या वहीतलं हे मला सर्वांत काळजीचं वाटलं. ती नोटीस काढ आणि वर कुठलं कलम आहे ते बघ. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम 13(2)ची असेल तर 60 दिवसांची मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला 15 दिवसांत तिचं उत्तर द्यावं लागतं. एकरकमी तडजोडीची, म्हणजे ठरलेली रक्कम एकदाच भरून कर्ज मिटवायची, योजना चालू आहे का, हेही लेखी विचारायचं, काउंटरवर तोंडी नाही. पोच घ्यायची. तारीख मोजायला आजपासून लागा, कारण नोटीस न वाचल्यानं मुदत थांबत नाही.

आणि ह्यात 'झोंबी'तलीच गोष्ट उपयोगाला येते. पप्पा एकटे बँकेत जाणार नाहीत, हे मला तुझ्या वहीवरनंच कळलं. आई सांगेल तर चिडतील. तू सांगितलंस तर 'तू अभ्यास कर' म्हणतील. मग तुमच्या घराचे दत्ताजीराव कोण? उद्यमनगरातले ते जुने फौंड्रीवाले, ज्यांच्याकडं पप्पा चहाला जाऊन बसतात, ते? की मामा? ज्याचं बोलावणं पप्पांना मानाचं वाटेल असा माणूस तू आणि आई मिळून शोधा. आईची सही जामीन म्हणून असली तर आणखी एक वाट आहे: कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कायद्यानंच तसं आहे, कुणाचे उपकार नाहीत.

तुझ्या कॉलेजबद्दल फार लिहीत नाही. शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरतात, विद्यापीठात कमवा आणि शिका आहे, हे तुला माहीत असणारच. भरलंस का, एवढंच विचारते. महाद्वार रोडवरच्या दुकानातली नोकरी परीक्षेच्या महिन्यात अर्ध्या दिवसावर आणता येते का ते मालकीणबाईंना विचार. नाही म्हणाल्या तर नाही, पण विचार.

पुस्तकं विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे, मी सांगितलेली तिन्ही तिथं मिळावीत. 'जिणं आमुचं' हातात आलं की सलग वाचू नकोस, दुकानातनं येता-जाता वाच, तसंच लिहिलेलं आहे ते.

वही परत पाठवतेय. पाचव्या पानापासनं नव्यानं लिही, रविवारच्या शेडचा भाग आधी. शनिवारी दुपारी मी घरीच आहे. नोटिशीची झेरॉक्स, कर्जमंजुरीचं पत्र आणि आईची सही आहे ते पान, एवढं घेऊन ये. जमलं तर आईलाही आण. पप्पांना सांगायचं, बाईंकडं नोट्स आणायला चाललोय.

तुझी,
बाई