अर्थावरून शब्दाकडे
प्रश्न : कापसाच्या मुख्य वेचण्या आटोपल्यावर पऱ्हाटी (कपाशीचे झाड) न उपटता, तिला पुन्हा पाणी देऊन घेतलेल्या पिकाला काय म्हणतात? कोशात तो शब्द कसा शोधावा? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : त्याला ‘फरदड’ म्हणतात. कोश अकारविल्हे असल्याने अर्थ ठाऊक असूनही शब्द हाती लागत नाही. अशा वेळी जवळचा शब्द धरून फरक कुठे पडतो ते पाहावे. येथे ‘खोडवा’ आठवतो, परंतु तो तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना फुटलेल्या पिकाचा, आणि पऱ्हाटी तर उभीच असते. मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलेल्या जाणत्या शेतकऱ्याला विचारावे. माझ्या मते तोच खरा कोश. फरदडीमुळे गुलाबी बोंडअळीला हंगामानंतरही खाद्य मिळते, म्हणून ती टाळण्याच्या कृषी विभागाच्या सूचनांतही हाच शब्द आढळतो.